काकाजींच्या गाठी

खोलीत शिरण्याआधी काकाजी उजव्या पायातली चप्पल दारातच काढत आणि अनवाणी टाच फरशीवर हळूच टेकवून पाहत. डावा पाय चपलेत, उजवा उघडा, असे ते क्षणभर डोळे मिटून उभे राहत. मग निकाल लागे. "पुसली आहे, पण पाणी मळकं होतं." किंवा, "ही सकायची पुसलेली आहे, आताची नाही." फरशी पुसणारी बाई शपथा घेऊ लागली, की काकाजी तिला मध्येच थांबवत.

"मले नोका सांगू बाई. कोपऱ्याले इचारा."

आणि खरोखरच कोपऱ्यापाशी जाऊन वाकत. कोपरा बहुधा काकाजींच्या बाजूने साक्ष देई.

दवाखान्यात अनवाणी पाय म्हणजे मोठाच गुन्हा. संसर्ग टाळण्याचं काम ज्या सिस्टरकडे होतं, तिने त्यांना तीनदा लेखी ताकीद दिली. काकाजी ताकीद वाचत, घडी करून खिशात ठेवत, टाच स्पिरिटने पुसत आणि पुढच्या खोलीच्या दारात पुन्हा चप्पल काढत. चौथी ताकीद सिस्टरने लिहिलीच नाही. उलट कुठल्या खोलीबद्दल शंका आली, की तीच म्हणायची, "काकाजींना पाय ठेवायला सांगा."

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील. आपल्याला वाटतं आपण त्यांचे साहेब आहोत, आणि बऱ्याच वर्षांनी कळतं, की ते आपल्याला सांभाळून घेत होते. मी तेव्हा अमरावतीतल्या एका शंभर खाटांच्या खाजगी दवाखान्यात प्रशासन अधिकारी होतो. राहायला अकोल्यात, त्यामुळे रोजचं अपडाऊन. काकाजी मूर्तिजापूरला त्याच गाडीत चढत. माझा स्वभाव चिडका. सकाळच्या गाडीत कुणी बोललेलं मला खपत नाही. काकाजी समोर बसत आणि बडनेरा येईपर्यंत बोलत.

दवाखान्याच्या कागदांवर त्यांचा हुद्दा 'हाऊसकीपिंग सुपरवायजर' असा होता. कुणी विचारलं तर ते "मी सफाईवाला" एवढंच सांगत. हाताखाली चाळीस जण, त्यात बहुतेक बाया.

मग आमच्या दवाखान्याने दर्जाच्या एका मोठ्या प्रमाणपत्रासाठी अर्ज केला आणि आमच्या सगळ्यांच्या आयुष्याची शांतता गेली. पहिल्यांदा फिनाईल बंद झालं. त्याऐवजी एक नवं द्रावण आलं. बादलीभर पाण्यात एक झाकण पुरे, पाणी निम्मं लागतं, गटारात गेलं तरी नुकसान नाही, आणि वास अजिबात नाही. मी खूश होतो. आठवड्याभरात माझ्या टेबलावर तक्रारींचा ढीग जमला. एका पेशंटचा मामा तर थेट केबिनमध्ये आला.

"दोन दिवस झाले साहेब, फरशीले कोणी हात नाही लावला. वासच नाही न बाप्पा!"

मी त्याला पर्यावरण समजावून सांगितलं. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते ठीक आहे. पुसून कधी राहिले?"

काकाजींनी यावर दोन दिवसांत उपाय काढला. फरशी नव्या द्रावणानेच पुसली जाई, पण वॉर्डातल्या बाकांच्या मागे, कुणाला दिसणार नाही असे, फिनाईलचे कापसाचे बोळे ठेवलेले असत. तक्रारी थांबल्या. मला बोळे सापडले तेव्हा मी रागावलो.

"साहेब, लोक डोयानं थोडी पाह्यतात? नाकानं पाह्यतात," ते म्हणाले. "हळूहळू बोळा लहान करत जातो न मी. सहा महिन्यात सवय सुटते."

आणि खरंच, सहा महिन्यांनी शेवटचा बोळा गेला तेव्हा कुणाला कळलंही नाही.

त्यानंतर पुण्याहून एक प्रशिक्षक आले. त्यांच्यासोबत एक भलं मोठं खोकं होतं आणि त्या खोक्यात चार रंगांचे पोछे. त्यांना 'मॉप' म्हणायचं अशी ताकीद मिळाली. लाल संडास-बाथरूमसाठी, निळा वॉर्डासाठी, हिरवा कँटीनसाठी, पिवळा ऑपरेशन थिएटरसाठी. एका जागेचा पोछा दुसरीकडे गेला, की रोग पसरलाच म्हणून समजा. पद्धत चांगली होती. प्रशिक्षकांनी फळ्यावर लाल खडूने संडास काढला आणि विचारलं, "काही शंका?"

सफाईच्या बायांमधून कमलबाई उठल्या. "लाल कुकवाचा रंग आहे साहेब. तो संडासात नाही जाणार."

प्रशिक्षक हसून म्हणाले, ठीक आहे, आपण हिरवा घेऊ. तर नसीमआपा उभ्या राहिल्या. एरवी त्यांचा आवाज शेजारणीलाही ऐकू जात नसे. त्या दिवशी तो बाहेर पार्किंगपर्यंत गेला. हिरवा? हिरवा तर मुळीच नाही! मग निळा? वंदना बसल्या जागेवरूनच म्हणाली, "निळा आमच्या झेंड्याचा. निळ्याले हात तं लावून पाहा." पिवळा हळदीचा निघाला. पांढरा कफनाचा. काळा कंपनी बनवत नव्हती. पाऊण तासात अमरावती शहरात संडासाला लावण्याजोगा एकही रंग उरला नाही. पुण्याचा तो सज्जन माणूस रुमालाने मान पुसत माझ्याकडे पाहू लागला. मी छताकडे पाहत होतो.

शेवटी मागच्या रांगेतून काकाजी उठले.

"रंगाचं नावच नोका घेऊ न," ते म्हणाले. "पोछे राहू द्या जसे आहेत तसे. दांड्याच्या वरच्या टोकाले सुतळीच्या गाठी मारू. वॉर्डाचा एकगाठी, कँटीनचा दोनगाठी, संडासचा तीनगाठी, थिएटरचा चारगाठी. हात लावला का कळते."

सगळ्या बाया एकदम गप्प झाल्या आणि माना हलवू लागल्या. वादळ इतक्या पटकन शमलं, की मला काकाजींचा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दवाखान्यात पोछ्याच्या रंगाचं नाव कुणी घेईना. "तीनगाठी कुठं गेला व?" अशा हाका ऐकू येऊ लागल्या. मी हा किस्सा अकोल्यात घरोघरी सांगितला. आमच्या बाया किती हळव्या, पोछ्यावरून दंगल व्हायची वेळ, वगैरे. लोक पोट धरून हसायचे.

त्या हिवाळ्यात बायकोने विणलेला मरून स्वेटर घालून मी गाडीत बसलो होतो. काकाजी चढले, समोर बसले आणि म्हणाले, "साहेब, हा हिरवा स्वेटर तुमाले खुलते बरं."

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी नेहमीप्रमाणे चिडून खिडकीबाहेर पाहत बसलो. संध्याकाळी परतताना ते बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर टमाटे घेत होते. एकेक टमाटा बोटांनी दाबायचे, नाकाशी न्यायचे आणि मग पिशवीत टाकायचे. गाडीची वेळ होत आली होती. "अहो, लाल लाल बघून उचला ना!" मी ओरडलो.

काकाजींचा हात तसाच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा तो चेहरा मला अजून आठवतो. गाडीत बसल्यावर बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत, आणि ती शांतता मला नकोशी झाली.

"लाल न हिरवं मले एकच दिसते साहेब," ते अखेर म्हणाले. "लहानपणापासून."

त्यांचे वडील शकुंतला या छोट्या गाडीच्या रुळांवर गँगमन होते. घरात दोन झेंड्या असत. "मले वाटे, दोन्ही सारख्याच आहेत. एक फाटली तं दुसरी असावी म्हणून ठेवल्या असन." पुढे ते स्वतः रेल्वेच्या भरतीला गेले. लेखी पास झाले, धावण्यात पहिले आले. शेवटी डोळे तपासणाऱ्यांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं, रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचं. संध्याकाळी घरी आले तेव्हा आईने साखर आणून ठेवली होती.

"बापानं मले बोल नाही लावला कधी. पण त्या रात्री तो जेवला नाही." मग जरा थांबून म्हणाले, "साहेब, रिटायर व्हाले सव्वा वर्ष राह्यलं माह्यं. मले तारखेवर जाचं आहे. डोयायनं एकदा हाकललं, दुसऱ्यांदा नाही. तुमी कोणाले सांगसान तं नाही?"

मी सांगणार नाही म्हणालो. मग मला गाठी आठवल्या, आणि कचऱ्याच्या लाल पिशव्यांचं काम ते नेहमी "तुमचा हात चांगला आहे" म्हणून नसीमआपांकडे का सोपवतात तेही कळलं. लाल पोछा संडासाचा आणि हिरवा कँटीनचा! पण इतक्या महिन्यांत एकही चूक झाली नव्हती, हेही खरंच होतं.

नेमकं त्याच वर्षी प्रमाणपत्राच्या अर्जासाठी सगळ्या कर्मचाऱ्यांची डोळ्यांची तपासणी सक्तीची झाली, रंगांसकट. दवाखान्याच्या नियमावलीत एक ओळ होती : 'सफाई पर्यवेक्षकास सर्व रंगखुणा ओळखता आल्या पाहिजेत.' ही ओळ मीच प्रशिक्षकांच्या पुस्तकातून उतरवली होती. आता तिच्यापासून काकाजींना वाचवणं हेही माझंच काम झालं. मी त्यांची तपासणी पुढे ढकलू लागलो. कधी त्यांच्याकडे लग्न, कधी माझ्याकडे मीटिंग. एकदा तर त्यांचे डोळे आले आहेत असं मी लिहून पाठवलं. नेत्रविभागाने तत्परतेने थेंब दिले. काकाजींनी ते आठ दिवस इमानदारीने घातले. "साहेबांनी लेहलं आहे तं घालाच लागते," म्हणाले.

मग परीक्षकांची तारीख आली. सफाईतल्या चाळीस जणांच्या फाइली पूर्ण, एकाची अपुरी. पळवाट उरली नाही. सोमवारी दुपारी तपासणी ठरली.

सोमवारी सकाळी मी तळघरातल्या स्टोअरकडे गेलो, तर आतून पाढे म्हटल्यासारखा आवाज येत होता.

"पयलं पान?"

"बारा."

"दुसरं?"

"आठ."

"तिसरं?"

"एकोणतीस."

आत काकाजी उलट्या बादलीवर मांडी घालून बसले होते. समोर वंदना हातात कागद धरून गुरुजींच्या थाटात उभी. मागे कमलबाई आणि नसीमआपा. नसीमआपांकडे नेत्रविभागाची सफाई होती. ठिपक्यांचं पुस्तक त्या रोज पुसत. आठवडाभर एकेक पान पाहून त्यांनी सगळे आकडे उतरवून आणले होते.

मला पाहून वंदनाने कागद पाठीमागे लपवला. "तुम्हाला माहीत आहे?" मी विचारलं.

"आमाले तं पयल्यापासून माहीत आहे," वंदना म्हणाली. "लाल बादली आण म्हणत अन् हिरव्याकडे बोट दाखवत."

"मग तो पुण्याच्या साहेबांसमोरचा तमाशा?"

कमलबाई पदराआडून हसल्या. "माह्या घरचा संडासचा डबा लालच आहे साहेब. रंगायचं खोकं उघडलं तवाच आमी डब्याच्या सुट्टीत ठरोलं. रंग चालूच नाही द्याचे. रंग चालले असते तं काकाजी चालले नसते."

"निळ्याचं मात्र खरं होतं," वंदना घाईने म्हणाली. "थोडंसं."

काकाजी बादलीवर तसेच बसून होते. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं. "तरीच म्हणलं," ते हळूच म्हणाले, "नसीमआपा येवढ्या जोरात काहून बोलून राह्यल्या." आणि त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसत राहिले. मी घरोघरी सांगितलेला माझा किस्सा मला आठवला आणि मला स्वतःची लाज वाटली. मी ज्यांना हळव्या म्हणून हसलो होतो, त्या माझ्यापेक्षा हुशार तर होत्याच, पण भल्याही होत्या.

दुपारी नेत्रविभागाच्या मॅडमसमोर काकाजी शाळेतल्यासारखे ताठ बसले. मॅडम शिस्तीच्या, आणि घाईत. त्यांनी पुस्तक उघडलं ते मधूनच.

"बारा," काकाजी म्हणाले.

मॅडमनी भुवई उचलली आणि पान उलटलं. "आठ," काकाजी. मॅडमनी थेट शेवटचं पान काढलं. "एकोणतीस!" काकाजी पूर्ण आत्मविश्वासाने म्हणाले.

"काका, या पानावर आकडाच नाही. नुसती वाकडी रेघ आहे."

दाराच्या फटीतून कुणाचा तरी सुस्कारा ऐकू आला. काकाजींनी हात मांडीवर ठेवले. "माह्यं पाठांतर चांगलं आहे मॅडम," ते म्हणाले.

"पाठांतर उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "डोळे नापास." आणि त्यांनी कागदावर तसं स्पष्ट लिहिलं. मी काही बोलणार तोच त्यांनी हात वर केला. "मी खोटं लिहिणार नाही. पण एक सांगा, माझ्या थिएटरमध्ये चुकीचा पोछा कधी आलाय? मला तर त्याचा रंगसुद्धा आठवत नाही, मी चारगाठीच म्हणते. माझं काम डोळे तपासायचं. या कामाला डोळे लागतात की बोटं, ते तुमच्या पुस्तकात तुम्ही ठरवा."

मी तडक केबिनमध्ये गेलो आणि ती ओळ खोडली. 'रंगखुणा' काढून 'गाठींच्या खुणा' लिहिलं, गाठींचा तक्ता जोडला, मोठ्या डॉक्टरांची सही घेतली. डॉक्टरांनी विचारलं, "हे काय नवीन?" मी म्हणालो, "नवीन नाही सर, आपल्याकडे हेच चालू आहे." आयुष्यात मी केलेलं हे एकमेव धाडस.

मग परीक्षक बाई आल्या. त्यांनी काकाजींची फाइल वाचली, मॅडमचा शेरा वाचला, नियमावली वाचली. मग स्टोअरमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "काका, यातला लाल मॉप कोणता?"

"मले नाही माहीत," काकाजी म्हणाले.

काकाजी पुढे झाले, परीक्षक बाईंकडेच पाहत दांड्यांवरून हात फिरवला आणि एक पोछा बाहेर काढला. "पण संडासचा हा आहे. अन् हा कँटीनचा. ह्या दोघायची भेट मी कधी होऊ देली नाही."

बाईंनी स्वतः डोळे मिटून दांड्यांवरून हात फिरवून पाहिला. दोन गाठी, तीन गाठी. मग वहीत कितीतरी वेळ लिहीत राहिल्या. काय लिहिलं ते आम्हाला महिनाभर कळलं नाही. प्रमाणपत्रासोबत फक्त एक सूचना आली : सुतळी भिजते, गाठी नायलॉनच्या दोरीच्या घाला. काकाजींनी ती सूचना पाच वेळा वाचून घेतली. "बरोबर आहे बाईचं," म्हणाले.

पुढे काहीही विशेष घडलं नाही, आणि हेच विशेष होतं. दिवस सरले. काकाजींची तारीख आली.

निरोपाचा कार्यक्रम समोरच्या मोठ्या हॉलमध्ये चार वाजता ठेवला होता. शाल, नारळ, हार. मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकले म्हणून आम्ही चहा आधी घेतला. चाळीस जण, चहा, हाराच्या पाकळ्या, बिस्किटांचा चुरा. काकाजी खुर्चीवर अवघडून बसले होते. त्यांची नजर सारखी खाली जात होती. मी भाषणाचा कागद उघडला आणि ते उठले.

"साहेब, थांबा जरा. असं ठेवून नाही जाता येत."

कुणी अडवायच्या आत त्यांनी झाडून घेतलं आणि एकगाठी बादलीत बुडवला. आम्हाला सगळ्यांना त्यांनी जिन्याच्या बाजूला सारलं आणि पुसायला सुरुवात केली. पुसणारा माणूस मागे मागे सरकतो, म्हणजे पुसलेल्यावर त्याचं पाऊल पडत नाही. त्यामुळे काकाजींचं तोंड सारखं आमच्याकडे होतं. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, आणि एकेक पाऊल मागे, दाराकडे. वंदना रडायला लागली तेव्हा ते हॉलच्या मध्यावर होते.

"रडून नोका राहू व. अन् कोणी यायचं नाही. ओलं आहे!"

दारात पोचल्यावर त्यांनी पोछा भिंतीला उभा केला. आमच्यामध्ये ती अख्खी चमकणारी फरशी होती. त्यांनी हात जोडले. भाषण माझ्या हातातच राहिलं. तेवढ्यात ऑपरेशन संपवून मोठे डॉक्टर जिन्यावरून धावत खाली आले आणि हॉलमध्ये पाय टाकणार, तोच आम्ही चाळीसच्या चाळीस जण ओरडलो, "ओलं आहे!" ते एका पायावर तसेच उभे राहिले.

फरशी वाळायला सात-आठ मिनिटं लागली. मग आम्ही फाटकापर्यंत धावत गेलो, तर काकाजींचा ऑटो निघून गेला होता. शाल आणि नारळ टेबलावरच होते. मी मागे वळून हॉलकडे पाहिलं. त्यांचं एकही पाऊल कुठे उमटलेलं नव्हतं. ते तारखेवर गेले होते.